वादग्रस्त भूतकाळ असलेल्या पोराला कॉलेज फुटबॉलच्या कोचने टीममध्ये घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भाची अमेरिकेत एमएस करतेय, तिच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमने असा एक खेळाडू घेतलाय ज्याला आधीच्या कॉलेजने मारहाणीच्या प्रकरणात काढून टाकलं होतं, कोच म्हणतो प्रत्येकाला दुसरी संधी मिळायला पाहिजे, कॅम्पसवरच्या मुली चिडल्यात, मग बरोबर कोण आणि कोचने असं करावं का. (फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून खेळतात तो, आपल्याकडचा नाही.)

मी मूळची कोल्हापूरची, गेली १७ वर्षं इथल्या एका सरकारी विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटमध्ये काउन्सेलर आहे, बहुतेक काळ फुटबॉलचीच पोरं माझ्याकडे होती. माझं उत्तर आधीच सांगते. हो, अशा काही पोरांना घ्यावं, मी स्वतः काहींसाठी भांडलेय. पण ते घ्यायचं की नाही हे कोचने ठरवू नये. ज्याला शनिवारी मॅच जिंकायचीय त्या माणसाच्या हातात हा निर्णय ठेवला की तो चुकणारच, मग तो माणूस कितीही चांगला असो.

का ते सांगते. इथे बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण असतो माहितीये का, गव्हर्नर नाही, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल कोच. दोन सीझन हरला की त्याची नोकरी जाते, त्याच्यासोबत दहा-बारा असिस्टंट आणि त्यांची कुटुंबं पण गाव सोडतात. अशा माणसासमोर सहा फूट पाच इंचाचा, पळायला हरणासारखा पोरगा उभा केला आणि विचारलं की ह्याच्या फाइलमध्ये काय आहे ते नीट बघ, तर तो बघेल का? बघेल, पण घाईत, आणि जे बघायचंय तेवढंच. त्याच्या जागी मी असते तर मी पण कदाचित तेच केलं असतं, म्हणूनच म्हणते त्याच्या एकट्याच्या अंगावर हे टाकू नका.

बेलरचं प्रकरण या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असायला पाहिजे. टेक्सासमधल्या वेको गावातली ही बाप्टिस्ट युनिव्हर्सिटी, फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं तळाला. २००८ च्या सीझनपासून आर्ट ब्राइल्स कोच म्हणून आले आणि टीम बघता बघता वर गेली, २०११ मध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकला (टीमचा खेळ चालवणारा) हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाली, २०१३ आणि २०१४ ला कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) जिंकली, २०१४ मध्ये नदीकाठी नवंकोरं स्टेडियम उभं राहिलं. याच काळात, २०१३ मध्ये, बोइसी स्टेट युनिव्हर्सिटीने टीममधून काढलेला एक डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीतला खेळाडू) बेलरने घेतला. कॉलेज बदलून येणाऱ्यांसाठी तेव्हा असलेल्या ट्रान्सफरच्या नियमामुळे पहिलं वर्ष त्याला बसूनच काढायचं होतं, आणि त्याच वर्षी बेलरच्याच एका विद्यार्थिनीने, ती पण खेळाडू, त्याच्यावर बलात्काराचा आरोप केला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं, पुढे अपिलात ते प्रकरण कितीतरी वर्षं खाली-वर होत राहिलं. बेलरकडून तो एकही मॅच खेळला नाही. एकही नाही.

निकालानंतर दोन कोचमध्ये जाहीर वाद झाला. बोइसीचे तेव्हाचे कोच क्रिस पीटरसन म्हणाले की मी ब्राइल्सना त्याच्या शिस्तभंगाबद्दल सगळं सांगितलं होतं, ब्राइल्स म्हणाले बायकांशी हिंसक वागल्याचं मला कुणी सांगितलंच नाही. खरं-खोटं त्या दोघांना ठाऊक. मला त्यातून वेगळंच दिसतं, की एवढा मोठा निर्णय दोन कोचमधल्या एका फोन कॉलवर टांगलेला होता. ना कागद, ना सही, ना तिसरा माणूस. पुढे युनिव्हर्सिटीनेच एका लॉ फर्मकडून चौकशी करून घेतली, २०१६ च्या मे महिन्यात निष्कर्ष बाहेर आले, ब्राइल्स गेले, अध्यक्ष केन स्टार यांना पदावरून खाली आणलं, अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने राजीनामा दिला. त्या निष्कर्षांत एक साधी गोष्ट लिहिली होती जी फार कमी लोकांच्या लक्षात राहिली, ती म्हणजे नवीन येणाऱ्या खेळाडूची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासायची, आधीच्या कॉलेजकडून शिस्तभंगाचे रेकॉर्ड मागवायचे ही पद्धत कागदावर आधीपासून होती, फुटबॉलवाल्यांनी ती सातत्याने पाळलीच नाही.

लोक म्हणतात प्रायव्हसीचे कायदे कडक आहेत, आधीचं कॉलेज सांगत नाही, मग आम्ही काय करणार. हे मी मीटिंगांमध्ये इतक्या वेळा ऐकलंय! इथे फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, विद्यार्थ्याचं रेकॉर्ड कुणालाही दाखवायचं नाही असा त्याचा अर्थ सगळे लावतात. पण त्याच कायद्यात स्पष्ट सोय आहे की विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेत असेल तर जुनं कॉलेज नव्या कॉलेजला त्याचं रेकॉर्ड देऊ शकतं, शिस्तभंगाचं सुद्धा. व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कमध्ये तर २०१५ पासून कायद्यानेच अशा प्रकरणांत ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) नोंद करावी लागते. म्हणजे मागितलं तर मिळतं. पण मागितलं आणि मिळालं, तर मग ते आपल्याला माहीत होतं असं होतं ना, म्हणून मागत नाहीत.

आता दुसरं उदाहरण, जे मला बेलरपेक्षा जास्त छळतं कारण त्यात कोच खरोखर भला माणूस होता. नेब्रास्का युनिव्हर्सिटीचे कोच टॉम ऑसबॉर्न. १९९१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने शाळकरी मुलांसाठी मेंटरिंगचा कार्यक्रम सुरू केला, तो आजही चालू आहे, म्हणजे पोरांची तळमळ त्यांना होती यात शंका नाही. त्यांच्या टीममध्ये लॉरेन्स फिलिप्स नावाचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) होता, कॅलिफोर्नियाचा, लहानपण सरकारी ग्रुप होममध्ये गेलेलं. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये त्याने आपल्या आधीच्या मैत्रिणीला मारलं, जिन्यावरून ओढत खाली नेलं. ऑसबॉर्ननी त्याला आधी टीममधून काढलं, मग ती शिक्षा सहा मॅचच्या सस्पेन्शनवर आली आणि नोव्हेंबरात तो परत मैदानावर होता. त्यांचं म्हणणं असं की या पोराच्या आयुष्यात फुटबॉल सोडून दुसरा आधारच नाही, तो काढला तर तो पार वाहून जाईल. २ जानेवारी १९९६ ला फिएस्टा बोल या सीझनच्या अंतिम मॅचमध्ये त्याने १६५ यार्ड काढले, नेब्रास्काने फ्लोरिडाला ६२–२४ ने हरवून नॅशनल चॅम्पियनशिप घेतली, एप्रिलमध्ये तो एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, सहाव्या नंबरवर गेला. मग एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये, पुन्हा अटक, पुन्हा मारहाण, शेवटी मोठी शिक्षा, आणि २०१६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात कोठडीतच मृत्यू, वय ४०.

या गोष्टीतून लोक दोन टोकाचे निष्कर्ष काढतात, बघा अशांना संधी देऊन उपयोग नाही, किंवा बघा फुटबॉल संपला आणि पोरगा संपला म्हणजे ऑसबॉर्नच बरोबर होते. मला दोन्ही पटत नाहीत. त्याला आधार हवा होता हे शंभर टक्के खरं. पण आधार देणं आणि बॉल हातात देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करता आल्या असत्या. स्कॉलरशिप ठेवा, खोली ठेवा, जेवण ठेवा, डॉक्टर ठेवा, क्लासला पाठवा, आणि त्या सीझनमध्ये मैदानावर पाय ठेवू देऊ नका. तो त्या जानेवारीत बाकावर पण नसता आणि तरी नेब्रास्काने त्याला सांभाळलं असतं, तर मी म्हटलं असतं की हो, ही संधी पोराला दिली. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती मुलगी पण नेब्रास्काचीच विद्यार्थिनी होती, बास्केटबॉल खेळणारी. त्याच कॅम्पसवर, त्याच जिममध्ये. तिच्या आधाराचा हिशोब कुणी केला?

तुमच्या भाचीच्या मैत्रिणी जे म्हणतायत ते हेच आहे, आणि त्यांना चिडखोर म्हणून बाजूला सारू नका. माझ्या डिपार्टमेंटमध्ये रात्री आठ वाजता ट्युटरिंग चालतं, शिकवणाऱ्या बहुतेक १९-२० वर्षांच्या मुली असतात, तासाच्या पगारावर, समोर एकटा खेळाडू आणि छोटी केबिन. माझ्याच नोकरीत एकदा असा ट्रान्सफर आला ज्याच्याबद्दल आम्हाला फक्त 'टीमचे नियम मोडले' एवढंच सांगण्यात आलं होतं. तीन आठवड्यांनी एक ट्युटर माझ्या खोलीत येऊन रडली, काही झालं नव्हतं पण होता होता राहिलं होतं, मग मी त्याच्या जुन्या कॉलेजला स्वतः फोन केला आणि मला दहा मिनिटांत कळलं की 'टीमचे नियम' म्हणजे काय होतं. दहा मिनिटं लागली. तो फोन मी तीन आठवडे आधी करायला हवा होता, ते मी विसरत नाही आणि तेव्हापासून ज्याची फाइल मी स्वतः वाचलेली नाही त्याला एकट्या ट्युटरसोबत मी बसवत नाही.

सगळे 'वादग्रस्त भूतकाळ' एकाच पोत्यात घालू नका ही पण तितकीच महत्त्वाची गोष्ट. कॅम न्यूटन हा क्वार्टरबॅक फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत असताना २००८ मध्ये चोरीच्या लॅपटॉपवरून पकडला गेला, तिथून ब्लिन नावाच्या ज्युनियर कॉलेजात गेला, नंतर ऑबर्न युनिव्हर्सिटीत जाऊन २०१० ची हाइझमन आणि चॅम्पियनशिप दोन्ही जिंकला. टायरन मॅथ्यूला एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने) २०१२ मध्ये ड्रग टेस्टवरून काढलं, पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राउंडला गेला आणि नंतर सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम मॅच, जिंकल्याची अंगठी घातली. गांजा, चोरी, शाळेतली हाणामारी, वर्गात न जाणं, यात मी बहुतेक वेळा पोराच्या बाजूने उभी राहते. पण बायकांवर हात उचलणं, लैंगिक हिंसा, हत्यार घेऊन कुणाला धमकावणं, इथे पहिला प्रश्न पोराच्या भविष्याचा नसतो, कॅम्पसवर आधीच राहणाऱ्या हजारो लोकांचा असतो.

हे कॉन्फरन्सवाल्यांना पण ठेच लागल्यावरच कळलं. २०१५ च्या सुरुवातीला अलाबामा युनिव्हर्सिटीने जॉर्जिया युनिव्हर्सिटीतून घरगुती हिंसेच्या प्रकरणात काढलेला एक लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) घेतला, दोन-तीन महिन्यांत तो तशाच आरोपाखाली परत अटकेत. नंतर तक्रारदार बाईने आपलं म्हणणं मागे घेतलं, त्यामुळे त्या प्रसंगाबद्दल मी काही ठामपणे बोलणार नाही, पण त्या मे महिन्यात एसईसीने, म्हणजे या दोन्ही टीम ज्यात आहेत त्या कॉन्फरन्सने, नियम केला की लैंगिक किंवा घरगुती हिंसेसाठी काढलेला ट्रान्सफर आमच्या कुठल्याही टीमने घ्यायचा नाही. २०१७ मध्ये इंडियाना युनिव्हर्सिटी आणखी पुढे गेली, लैंगिक हिंसेच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला किंवा गुन्हा कबूल केलेला कुणीच नको, मग तो शाळेतून येवो की कॉलेजातून. एनसीएएने (देशभरातल्या कॉलेज खेळांची संघटना) २०२० मध्ये ठरवलं की प्रत्येक खेळाडूने दरवर्षी असल्या प्रकरणांची माहिती लिहून द्यायची आणि कॉलेजने आधीच्या कॉलेजकडे चौकशी करायची, पण घ्यायचं की नाही हे मात्र कॉलेजवरच सोडलं.

नियम चांगलेच आहेत, पण नियम गुन्ह्याचं नाव बघतो आणि नाव फार फसवं असतं. २०१६ मध्ये मिसिसिपी स्टेटने जेफरी सिमन्सला घेतलं, शाळेत असताना एका बाईला जमिनीवर पडलेली असताना मारतानाचा त्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. कोर्टात ते प्रकरण साध्या मारहाणीवर मिटलं आणि टीमने त्याला एका मॅचचं सस्पेन्शन दिलं. एका मॅचचं! मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण पुढचं पण सांगायला पाहिजे, तीन वर्षं कॉलेजात तो नीट राहिला, २०१९ च्या ड्राफ्टमध्ये १९ व्या नंबरवर गेला, आज एनएफएलमधल्या उत्तम डिफेन्सिव्ह लाइनमनमध्ये त्याचं नाव घेतात. म्हणजे पोरगा सुधारू शकतो, आणि तरीही घेतानाचा निर्णय उथळ असू शकतो. निकाल चांगला लागला म्हणून पद्धत बरोबर होती असं होत नाही.

उलट बाजूने पण बघा. कोरं रेकॉर्ड म्हणजे चांगला पोरगा असंही नाही. श्रीमंत उपनगरात पोराने कुणाला मारलं तर बाप वकील आणतो, शाळेत बसून मिटवतात, कागदावर काहीच येत नाही. गरीब वस्तीतल्या काळ्या पोराने तेच केलं तर थेट पोलीस, थेट केस. अल्पवयीन मुलांचं रेकॉर्ड तर बहुतेक ठिकाणी सीलबंदच असतं. म्हणून मी चार्जचं नाव वाचतच नाही, पोलीस रिपोर्ट पूर्ण वाचते, कोण आधी थांबला, कोणी फोन केला, कोण पळाला. आणि फोन करते, पण शाळेच्या कोचला नाही, तो कौतुकच करणार. शाळेच्या काउन्सेलरला, हजेरी घेणाऱ्या बाईला, व्हाइस प्रिन्सिपलला, पोराच्या आजीला. एकदा एका पोरावर १६ व्या वर्षी दुकान लुटल्याची केस होती, सगळे नको म्हणत होते, हजेरीच्या बाई म्हणाल्या की तो रोज सकाळी धाकट्या बहिणीला प्राथमिक शाळेत सोडून मग इथे येतो, म्हणून पहिल्या तासाला कायम उशीर. पोराने स्वतः काय केलं ते मला डोळ्यात डोळे घालून सांगितलं, दुसऱ्या कुणावर ढकललं नाही. मी त्याच्यासाठी कमिटीत दोन तास भांडले. फार मोठा खेळाडू नाही झाला, पदवी मात्र घेतली, आता दोन मुलांचा बाप आहे आणि बहीण नर्सिंग करतेय.

गावाकडची माणसं मला म्हणतात, अगं आपले वस्ताद पण उनाड पोरांनाच तालमीत घ्यायचे की. घ्यायचे, माझे मामा तसेच सुधारले. पण तालमीत पोरगा वस्तादाच्या नजरेखाली झोपायचा, पहाटे उठून माती उकरायचा, आणि पहिली कित्येक महिने त्याला कुस्तीच्या मैदानात कुणी उतरवत नव्हतं. आधी राबणं, मग जोड. इथे उलटं झालंय, कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंचं ऑनलाइन ट्रान्सफर पोर्टल उघडलं की काही दिवसांत सही, आता त्यावर पैसे पण, आणि ऑगस्टमध्ये थेट मैदानात.

म्हणून माझी एक कसोटी आहे, कमिटीत मी ती प्रत्येक वेळी विचारते आणि बऱ्याच जणांना ती आवडत नाही. उद्या पहिल्याच प्रॅक्टिसला याचा गुडघा गेला, हा परत कधीच खेळणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर आपण याला चार वर्षं ठेवणार का? काउन्सेलिंग चालू ठेवणार का? कागदावर आता मोठ्या कॉन्फरन्समध्ये खेळ घसरला म्हणून स्कॉलरशिप काढता येत नाही, पण पोराला 'तू दुसरीकडे बघ' असं सुचवायचे खूप मार्ग असतात, मी पाहिलेत. उत्तर हो असेल, लेखी असेल, तर ती संधी. आणि दुसरी अट, पहिलं एक वर्ष मॅच नाही, फक्त प्रॅक्टिस, क्लास आणि आठवड्याला ठरलेलं काउन्सेलिंग. या अटीवर जो कोच तरीही म्हणतो की हो, मला हा पोरगा हवाय, त्याच्यावर मी विश्वास ठेवते. १७ वर्षांत असे कोच मला भेटलेत, थोडे आहेत पण आहेत.

आणि कमिटीत कोण असावं, तर डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसचा माणूस, टायटल नाइनची (शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाविरुद्धचा कायदा, लैंगिक हिंसेच्या तक्रारी त्यातच येतात) तपासणी करणारी अधिकारी, खेळाशी संबंध नसलेला एक प्राध्यापक, माझ्यासारखी एक काउन्सेलर. कोचने येऊन आपली बाजू मांडावी आणि मतदानाच्या वेळी बाहेर बसावं. नाही म्हणण्याचा अधिकार कमिटीला, आणि तो अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला फिरवता येता कामा नये.

भाचीला सांगा, घोषणा देण्याआधी विद्यार्थी प्रतिनिधींमार्फत युनिव्हर्सिटीला लेखी विचारा. या पोराचं नाव घेऊन नको, त्याची वैयक्तिक माहिती ते देणार नाहीत आणि देऊही नये. पद्धत विचारा. ट्रान्सफर घेताना आधीच्या कॉलेजच्या शिस्तभंग ऑफिसकडून लेखी रेकॉर्ड मागवता का? ते कोण वाचतं? कोचच्या निर्णयाला नाही म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि गेल्या पाच वर्षांत त्या माणसाने किती वेळा नाही म्हटलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शून्य आलं, किंवा आलंच नाही, तर तुमची भाची आणि तिच्या मैत्रिणी चिडल्यात ते बरोबरच आहे, त्यांनी मागे हटू नये. आणि उत्तर नीट आलं, आकड्यासकट आलं, तर त्या पोराला एक वर्ष द्या असं मी म्हणेन. काही मदत लागली तर पत्राचा मसुदा मी करून देते, कुणाच्या ऑफिसला पाठवायचं ते पण सांगते.